खंड पडू देऊ नका

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता ओडेट फॉन्टनोचं औषधांचं पार्सल यायचं, आणि चार वाजता तिचा मेलेला भाऊ.

पार्सलचं एक वेळ सोडा, ते कधी साडेतीनलाही यायचं. भाऊ मात्र वेळेचा पक्का. जिवंत होता तेव्हा रिफायनरीची पाळी सुटली की पिकअप ट्रक घेऊन थेट बहिणीच्या दारात, आणि मेल्यावरही त्याने ती वेळ मोडली नव्हती. पोर्चच्या जाळीच्या दारावर दोन बोटांनी टकटक, दोनदाच. मग डावीकडची खुर्ची करकरायची. दाताखाली ठेवायच्या पुदिन्याच्या तंबाखूचा वास यायचा. उजवीकडच्या खुर्चीत ओडेट समोर रस्त्याकडे बघत बसलेली असायची, कारण अपघातापासून तिची मान डावीकडे वळत नव्हती.

मान वळत नाही तर अख्खं अंग वळवावं की, असं कोणी म्हणेल. जूनमध्ये तिने वळवलं होतं. खुर्ची रिकामी होती, वास गेला होता, आणि जुलैच्या गुरुवारी तो आलाच नाही. तेव्हापासून ती समोर बघूनच बसायची. घाबरायची का? घाबरायची, पण न येण्याला जास्त घाबरायची.

अपघात झाला तो दीड वर्षापूर्वी, मार्चमध्ये. ओडेट शाळेच्या भटारखान्यातून घरी निघाली होती, सिग्नलला थांबली होती, आणि मागून येणारा अठरा चाकी ट्रक थांबला नाही. ड्रायव्हर नंतर रडत होता म्हणे. त्याच्या रडण्याने तिच्या मानेतला मणका काही जागेवर आला नाही.

आमच्या पोर्ट आर्थरात चर्च जास्त की अपघाताच्या वकिलांचे रस्त्यावरचे फलक जास्त, हे मोजायला कोणीतरी बसवायला हवं. एकाच्या हातात हातोडा, एकाच्या अंगावर चिलखत, एकाने तर वाघाबरोबर फोटो काढलाय. ओडेटने त्यातल्या त्यात साधा कोट घातलेला निवडला, बॉइड हारग्रेव्ह. तिच्याकडे आरोग्याचा विमा होता तो नावापुरता. डॉक्टर, तपासण्या, औषधं यांचे पैसे आणायचे कुठून? तर हारग्रेव्हच्या ऑफिसातल्या कँडेस नावाच्या बाईने तिच्यापुढे कागद सरकवले.

"मिस ओडेट, तुम्ही एक पैसा द्यायचा नाही आत्ता. फार्मसी औषध घरपोच पाठवणार. केस मिटली की निकालाच्या रकमेतून आधी त्यांचे कापून घेणार. याला लिएन म्हणतात. सही इथे, इथे, आणि इथे."

"आणि केस हरलो तर?"

"आपण हरत नाही," कँडेस म्हणाली. कागदावर मात्र लिहिलं होतं, जिंका नाही तर हरा, औषधाचे पैसे रुग्णाकडेच. ते बारीक अक्षर ओडेटने चष्मा घरी राहिल्यामुळे वाचलं नाही, आणि चष्मा असता तरी सही केलीच असती. मान दुखत होती.

"फक्त एक लक्षात ठेवा," कँडेसने शेवटी सांगितलं. "खंड पडू देऊ नका. एक महिना पार्सल परत गेलं, की समोरचा वकील म्हणणार, बाई बरी झाली. पार्सल आलं की घ्यायचं. नाही म्हणायचं नाही. आणि केसबद्दल कोणाकडे चकार शब्द काढायचा नाही, घरच्यांकडेसुद्धा."

ही गोष्ट ज्याने कधी केस लढवली नाही त्याला विचित्र वाटेल, पण ज्यांनी लढवली त्यांना विचारा. कपाटं भरलेली असतात. मलमाचे डबे, पोटाच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, स्नायू सैल करायच्या गोळ्या. दर महिन्याला नवी पिशवी, जुनी संपो न संपो. ओडेटने पहिले पंधरा दिवस गोळ्या घेतल्या. डोकं गरगरायचं, जीभ जड व्हायची, आणि शाळेत तीनशे पोरांचं जेवण वाढताना उकळत्या भांड्याशेजारी तिचा तोल गेला. त्या दिवशी तिने गोळ्या बंद केल्या. मलम चोळायची, गरम पाण्याची पिशवी घ्यायची, आणि बाकीचं दुखणं दात आवळून काढायची. दुखणं खरं होतं, हे कृपा करून विसरू नका. ती फक्त गोळी घेत नव्हती.

आणि पार्सलं? त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. तिने बाटल्या गंबोच्या, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्श्याच्या, पातेल्यात टाकल्या. ते पातेलं एवढं मोठं, की फडताळावर सर्वांत खाली पडून असतं आणि वर्षात दोन-तीनदाच निघतं. झाकण ठेवलं की विषय संपला. सात महिने संपला होता.

पण उत्तरेचा पहिला गार वारा सुटला, की आमच्याकडे गंबो शिजतो. तारीख ठरलेली नसते. सकाळी दार उघडल्यावर पायाला गार लागलं, की बायका तेलात पीठ भाजायला घेतात. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो वारा आला. ओडेट सॉसेज कापत होती, आणि तिचा धाकटा भाऊ कर्ली फडताळातून पातेलं ओढायला वाकला होता.

"आई गं!" तो ओरडला, आणि खांदा धरून खालीच बसला.

"काय झालं?"

"काही नाही. परांचीवरून उतरताना हात निसटला मागच्या आठवड्यात. लटकलो थोडा वेळ. वटवाघळासारखा."

"कंपनीला सांगितलंस?"

"ताई, सांगितलं की पुढच्या कामाला बोलावत नाहीत. तुला माहिती नाही का? तुझ्यासारखा ट्रकवाला नाही भेटला मला. तुझं नशीब बघ, फलकावरचा वकील!" मग त्याने झाकण उचललं आणि आत बघतच राहिला. "हे काय? गोळ्यांचा गंबो करतेस? भेंडी घालायची की खेकडे?"

दोघं हसली. खूप हसली. ओडेटला ते हसणं पुढे फार आठवायचं, कारण हसत हसतच तिने बाटली उचलली होती.

"घे. मला काय करायच्यात? पडून आहेत."

कर्लीने बाटली खिशात घातली. आणि इथे ओडेटने खरी चूक केली. बाटलीवर तिचं नाव होतं, हारग्रेव्हच्या ऑफिसचं नाव होतं, तारीख होती. ती बाटली कोणाच्या हाती लागली, ट्रकमध्ये कोणी पाहिली, तर केस? तिने त्याच्या खिशातून बाटली परत काढली.

"बाटली नको नेऊस. माझं नाव आहे त्यावर. डबी आण तुझी."

कर्लीने तंबाखूची रिकामी पत्र्याची डबी काढली. तिने स्वतःच्या हाताने गोळ्या त्यात ओतल्या, दोन प्रकारच्या. बाटल्या तिच्याकडे राहिल्या, आणि बाटल्यांवरच्या लाल चिकटपट्ट्याही तिच्याकडेच राहिल्या. त्यावर लिहिलं होतं, दारूबरोबर घेऊ नये.

मग तो दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येऊ लागला. दोनदा टकटक, डबी पुढे. "ताई, दुकान उघडं आहे का?" खांद्याला आराम होता, काम सुटलं नव्हतं, बहीण खूश होती. तिला वाटायचं, चला, त्या ट्रकवाल्याच्या पापातून कोणाचं तरी भलं झालं.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, कर्ली सबाइन पासला बोटी उतरवतात तिथे ट्रक लावून मासे धरायला बसला. भर दुपार, ऊन, बर्फाच्या पेटीत बिअर. संध्याकाळी कोणीतरी काच ठोठावली तेव्हा तो स्टिअरिंगवर मान टाकून बसला होता. मांडीवर तंबाखूची डबी, डबीत सुट्या गोळ्या. मृत्यूच्या कागदावर 'अपघाती' असं आलं, आणि खाली दोन औषधांची नावं. ती नावं ओडेटला पाठ होती.

डबीतल्या सुट्या गोळ्या म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं? कर्ली गोळ्या विकत घेत होता, हे चार दिवसांत ठरून गेलं. प्रेताशेजारी उभं राहून लोक कुजबुजत होते. कर्लीची मुलगी रेनेल, सव्वीस वर्षांची, पाच महिन्यांची पोटुशी, तिच्या कानावर ते सगळं जात होतं. तिची आई केव्हाच गेलेली. बापाने तिला एकट्याने वाढवलं होतं आणि आता लोक म्हणत होते, की बाप गर्दुल्ला होता. तिने ते मान्य केलं. माणूस रागावला, की वाईटातलं वाईट पटकन मान्य करतो.

ओडेट तिच्या शेजारी उभी होती. तोंड उघडलं नाही. त्या आठवड्यात कँडेसने फोन केला होता, भावाबद्दल वाईट वाटलं म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "मिस ओडेट, पार्सल परत नका पाठवू हं. दुःखाच्या भरात लोक विसरतात."

तिने पाठवलं नाही. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पिशव्या आता उघडतही नव्हती. न उघडता पातेल्यात. आणि तीनला पार्सल, चारला टकटक.

ऑगस्टमध्ये रेनेलला मुलगा झाला. आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात, निदान मधलं तरी. रेनेलने ठेवलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळे कबरी घासून चुना लावायला जातात, तिथेही ती आली नाही. ओडेटने वाकडी मान घेऊन एकटीने चुना लावला. डाव्या बाजूला कोणीतरी उभं राहून बघत होतं, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात गुरुवारी तिची जबानी होती, बोमाँट शहरात, वकिलांच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर. आदल्या दिवशी हारग्रेव्हने तिला बोलावून तयारी करून घेतली. तो माणूस वाईट नव्हता. तिची केस त्याला आवडत होती.

"एकोणीस महिने," तो फार्मसीचा कागद फडकवत म्हणाला. "एकदाही खंड नाही. मिस ओडेट, माझ्या सगळ्या अशिलांनी तुमच्याकडून शिकावं. विचारतील तेवढंच उत्तर द्या. जास्तीचं काही नाही. औषधं सांगितल्याप्रमाणे घेतलीत, बरोबर?"

ओडेट गप्प बसली. हारग्रेव्हने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि कँडेसने तिच्यासाठी कॉफी आणली. मानेचं ऑपरेशन याच केसवर होणार होतं. सर्जन थांबला होता. ते झालं तर हात बधिर व्हायचा थांबेल, रात्री झोप लागेल, आणि मान कदाचित डावीकडे वळेल. ही शेवटची गोष्ट तिला नको होती, पण तसं तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रेनेल गाडी घेऊन आली. ओडेटला गाडी चालवता येत नव्हती, मागचं दिसत नव्हतं. दार उघडलं तर पायाला गार लागलं. उत्तरेचा वारा सुटला होता.

"गंबोचा दिवस आहे," ओडेटच्या तोंडून निघून गेलं.

"मला नको," रेनेल म्हणाली. बाळ तिने शेजारणीकडे ठेवलं होतं. वाटेत तिने रेडिओ लावला आणि बंद केला. मग म्हणाली, "आत्या, तुझे पैसे मिळाले ना, की आधी छप्पर कर. मागच्यासारखं चर्चला देऊ नकोस."

"बरं."

"तुझं तरी काही नीट होऊ दे या घरात."

ओडेटने खिडकीबाहेर बघितलं. उजवीकडच्या.

खोलीत लांब टेबल होतं. ओडेटच्या उजव्या हाताला हारग्रेव्ह, समोर ट्रक कंपनीची वकील मिसेस व्हिटलो, टेबलाच्या टोकाला सगळं टिपून घेणारी स्टेनो. डावीकडची खुर्ची रिकामी. मिसेस व्हिटलो ओडेटच्याच वयाची, चष्म्याला साखळी, आवाज मऊ. ओडेटने मनात एखादा कोल्हा येईल असं धरलं होतं, आणि ही बाई तिला आधी पाणी हवं का विचारत होती.

शपथ झाली. मग नाव, पत्ता, शाळा, अपघात, कुठे दुखतं, किती दुखतं. ओडेटने मान हलवली की स्टेनो थांबायची.

"मान हलवलेली मला लिहिता येत नाही, मॅडम. तोंडाने बोला."

"माझी मान तशीही हलत नाही," ओडेट म्हणाली, आणि मिसेस व्हिटलोसुद्धा हसली.

दीड तास असा गेला. बाहेर वारा काचेला लागत होता. मिसेस व्हिटलोने पान उलटलं आणि त्याच मऊ आवाजात, यादीतला पुढचा प्रश्न वाचावा तसं विचारलं, "तुम्हाला लिहून दिलेल्या औषधांपैकी काही तुम्ही कधी दुसऱ्या कोणाला दिलंत का?"

ती हे सगळ्यांनाच विचारते. सगळे नाही म्हणतात. हारग्रेव्हने घड्याळाकडे बघितलं.

डावीकडची खुर्ची करकरली.

पुदिन्याचा वास आला. गुरुवार होता, पण चार वाजले नव्हते, अकरा वाजले होते. तो आजवर कधी लवकर आला नव्हता. तिला वाटलं, तो आता म्हणेल, ताई, दुकान उघडं आहे का? तो काही म्हणाला नाही. मेलेलं माणूस कशाला बोलेल, त्याची बाजू मांडायला जिवंत माणसं असतात. आणि त्याची जिवंत माणसं दोनच. एक बाहेर बाकावर बसून बापाला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि दुसरी इथे तोंड शिवून बसली होती.

"मिस फॉन्टनो? प्रश्न परत विचारू?"

"नको. ऐकू आलं." ओडेटचा आवाज तिला स्वतःलाच जाड वाटला. "दिली. माझ्या भावाला."

हारग्रेव्हची खुर्ची मागे सरकली. "आपण जरा थांबू या–"

"प्रश्न अर्धा आहे, बॉइड, मध्येच थांबता येत नाही," मिसेस व्हिटलो म्हणाली. मग तिने पेन खाली ठेवलं. "मिस फॉन्टनो, तुम्हाला आधी तुमच्या वकिलांशी बोलायचं असेल तर–"

"नाही. आत्ता बोलले नाही तर मी मरेपर्यंत बोलणार नाही." ती स्टेनोकडे वळली, अंगासकट. "लिहा तुम्ही. त्याचं नाव कर्ली फॉन्टनो. मी एकही गोळी घेत नव्हते, पहिले पंधरा दिवस सोडून. घेतली की चक्कर यायची. दुखत नव्हतं म्हणून नाही. दुखतं, आत्ताही दुखतंय. पण पार्सलला खंड पडला तर केस जाईल, म्हणून घेत होते आणि ठेवत होते. त्याचा खांदा दुखत होता. मी दिल्या. मी स्वतः ओतल्या त्याच्या डबीत, कारण बाटलीवर माझं नाव होतं आणि मला केसची भीती होती. बिअरबरोबर घेऊ नको, हे बाटलीवर होतं. बाटली मी ठेवून घेतली. त्याने कोणाकडून विकत घेतल्या नाहीत. लिहिलंत? त्याने कोणाकडून विकत घेतल्या नाहीत."

"लिहिलं," स्टेनो म्हणाली. तिने हे बोलायचं नसतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मिसेस व्हिटलोने आणखी दहा-बारा प्रश्न विचारले, तारखा विचारल्या, आवाज मऊच होता आणि प्रत्येक प्रश्नाने केस थोडी थोडी मरत गेली. नंतर हारग्रेव्ह तिला व्हरांड्यात घेऊन गेला. तो ओरडला नाही.

"हे गुन्ह्यात मोडतं, कळतंय ना? आता ते पाण्याच्या भावात मिटवायला बघतील. फार्मसी सोडणार नाही. सर्जन बहुतेक माघार घेईल." त्याने डोळे चोळले. "मला काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत."

रेनेलला तिने गाडीत सांगितलं, पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी. समोर बघून सांगितलं. रेनेल डावीकडे, स्टिअरिंगमागे बसली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. डबीचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, लाल पट्टीचं सांगितलं. काही लपवलं नाही.

किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी उन्हाळाभर त्याचा फोन घेऊन बसले," रेनेल म्हणाली. "एकेक नंबर लावला. माझ्या बापाला गोळ्या कोणी विकल्या, विचारलं. पोटात बाळ होतं माझ्या. लायलवर संशय आला, त्याचा परांचीवरचा जोडीदार. मी फोरमनला जाऊन सांगितलं. त्याला कामावरून काढलं, आत्या. त्याच्या बायकोला मी दुकानात, सगळ्यांसमोर, नको नको ते बोलले."

"रेनेल–"

"तुझा नंबर सगळ्यात वर होता. दर महिन्याला, गुरुवारी. तो मी सोडून दिला. म्हटलं, ही तर आत्याच आहे."

ओडेटला रडू आलं नाही. रडायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. रेनेलने गाडी सुरू केली आणि थेट पोर्ट आर्थरला आणली. दारात सोडलं, ओडेट उतरली, दार लागायच्या आत गाडी निघून गेली.

दोन वाजले होते. ओडेटने स्वयंपाकघरात जाऊन फडताळातून पातेलं ओढलं, एका हाताने, कारण दुसरा बधिर झाला होता. झाकण काढलं. रिकाम्या बाटल्या, भरलेल्या बाटल्या, मलमाचे डबे, सहा न उघडलेल्या पिशव्या. ते सगळं तिने टेबलावर मांडलं. टेबल पुरलं नाही. कर्ली गेल्यानंतरच्या त्या सहा पिशव्या तिने कोणासाठी घेतल्या होत्या? केससाठी, असं ती स्वतःला सांगत होती. पण पार्सल बंद झालं असतं तर गुरुवार संपला असता, आणि गुरुवार संपला असता तर तोही आला नसता. हे तिला आत्ता, टेबलाशी उभं राहून कळलं. ज्या गोळ्यांनी भावाला मारलं त्यांच्याच पार्सलने ती त्याला बोलावत होती.

तीन वाजता दार वाजलं. पार्सलवाली बाई होती, केसांना रुमाल बांधलेली, गारठलेली. तिने फोन पुढे केला. "मिस ओडेट, बोटाने सही."

"परत ने."

"परत? तुम्ही कधी परत नाही केलंत."

"आज करते."

"मग पुढच्या महिन्यात आणू?"

"नको. कधीच नको."

बाईने खांदे उडवले, पार्सल काखेत मारलं आणि गेली. ओडेट शाल घेऊन पोर्चवर बसली. उजवीकडच्या खुर्चीत. वारा जाळीतून आरपार येत होता. दोन्ही खुर्च्या लोखंडी होत्या, तिची तर बर्फासारखी लागली. ती वाट बघत बसली आणि तिला पक्कं ठाऊक होतं, की आज कोणी येणार नाही. पार्सल परत गेलं होतं. सत्य सांगून झालं होतं. आता त्याला यायचं कारण काय? तिने भावाला दुसऱ्यांदा पोहोचवलं होतं.

चार वाजले.

दोन बोटांनी टकटक झाली. दोनदाच.

दार उघडलं, बंद झालं. मग बुटांचा आवाज, आणि बाळाचं कुरकुरणं.

"लायलच्या घरी जाऊन आले," रेनेलचा आवाज डावीकडून आला. बापाचीच टकटक होती तिची. इतक्या वर्षांत ओडेटच्या लक्षातच आलं नव्हतं. "त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. बरोबर केलं. मी बाहेरूनच ओरडून सांगितलं. उद्या फोरमनकडे जाणार आहे, आणि तू येणार आहेस माझ्याबरोबर. तूच सांगायचंस."

"येईन."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहिती आहे."

"मला फक्त ऐकायचंय. पहिल्या दिवसाचं. तो काय म्हणाला, कसा हसला, सगळं. माझ्याकडे त्याचं शेवटचं म्हणून जे आहे ते फार वाईट आहे, आत्या. मला दुसरं काहीतरी दे."

डावीकडची खुर्ची करकरली, आणि लगेच परत करकरली. रेनेल बसली होती ती उठली होती. बाळ खांद्यावर घेऊन तिने लोखंडी बैठकीवर हात ठेवल्याचं ओडेटला कडेने दिसलं.

"ही गरम आहे," रेनेल हळूच म्हणाली. "कोण बसलं होतं इथे?"

ओडेटने समोर रस्त्याकडेच बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"बस तू," ती म्हणाली. "बाळाला घेऊन उभी आहेस म्हणून उठला असेल."